कोइमतूरची ऊस पैदास संस्था आणि सर टी. एस. व्यंकटरामन

को ४१९, को ७४०, कोएम ७१२५, को ८६०३२, कोएम ०२६५. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात आजोबांनी यातला एक वाण लावला, वडिलांनी दुसरा लावला आणि आपण तिसरा-चौथा लावतो आहोत. या सगळ्या नावांच्या आरंभी असलेले ‘को’ कोइमतूरचे आहे. तमिळनाडूतल्या या शहरात १९१२ साली उसाच्या पैदाशीचे एक सरकारी केंद्र सुरू झाले. शंभर वर्षांहून अधिक काळ भारतातल्या ऊसशेतीला बेणे पुरवणारा मूळ झरा तेच आहे.

आपल्या सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास लिहिताना कालवे, धरणे, भागभांडवल आणि नेतृत्व यांची सविस्तर नोंद होते. ती व्हायलाच हवी. पण मोळी गव्हाणीत पडते, तेव्हा तो ऊस मुळात कोणी घडवला, याची नोंद क्वचितच होते. प्रस्तुत स्मरणिकेत या संस्थेचा आणि तिला नावारूपाला आणणाऱ्या सर टी. एस. व्यंकटरामन यांचा इतिहास देण्यामागे ती उणीव भरून काढण्याचा हेतू आहे.

उसाचा देश आणि जावाची साखर

विसाव्या शतकाच्या आरंभी जगात सर्वाधिक ऊस लावणाऱ्या देशांत भारत होता आणि तरीही बाजारात जावाची साखर विकली जात होती. देशातला बहुतेक ऊस उत्तरेत, गंगा-यमुनेच्या खोऱ्यात आणि पंजाबात होता. तिथला ऊस बोरूसारखा बारीक, चिवट आणि कमी रसाचा. कडाक्याची थंडी, उन्हाळ्यातला पाण्याचा ताण, पावसाळ्यात साचणारे पाणी हे सगळे तो सोसायचा, पण एकरी उत्पन्न अगदीच थोडे. दक्षिणेतला जाड, रसाळ ऊस उत्तरेत नेऊन लावावा, तर तिथल्या थंडीत तो टिकत नव्हता. गोडी एका उसात आणि काटकपणा दुसऱ्यात, असा हा पेच होता.

तो सोडवायचा तर दोन्ही गुण एका उसात आणायला हवेत, म्हणजेच संकर करायला हवा. परंतु शेतकरी ऊस टिपरीपासून लावतो. टिपरीतून उगवणारा ऊस मूळ उसाचीच तंतोतंत प्रत असतो, त्यात नवे काही निपजत नाही. नवा वाण बीजातूनच निघू शकतो. उसाला उगवणारे बी धरते की नाही, याविषयीच बराच काळ शंका होती. ती १८८७-८८च्या सुमारास फिटली. जावामध्ये सोल्टवेडेल यांनी आणि वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर हॅरिसन व बोव्हेल यांनी उसाच्या तुऱ्यातल्या बीपासून रोपे वाढवता येतात, हे दाखवून दिले. जावातल्या डच शास्त्रज्ञांनी लगेच त्या दिशेने काम सुरू केले. भारतात ते सुरू व्हायला आणखी दोन दशके जावी लागली.

स्थापना : कोइमतूरच का?

नव्या केंद्रासाठी कोइमतूर निवडले गेले, त्याला नेमके कारण होते. उत्तरेत उसाला तुरा क्वचितच येतो आणि आला तरी त्यात उगवणारे बी भरत नाही. कोइमतूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे अकरा अंशांवर आहे. तिथला दिवस-रात्रीचा समतोल आणि हवामान उसाच्या फुलोऱ्याला मानवणारे. जाड उसाला तिथे तुरा येतो, परागही चांगले तयार होतात आणि बीही धरते.

आपल्या शेतकऱ्याला तुरा नकोसा असतो. तुरा आला की उसाची वाढ थांबते, ऊस तोडायला उशीर झाला तर आत दशी पडते, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. पैदासकाराचे सारे काम मात्र तुऱ्यावरच अवलंबून असते. म्हणून उत्तरेतल्या शेतकऱ्यासाठी लागणारा ऊस दोन हजार किलोमीटर दूर दक्षिणेत जन्माला घालायचा, असा निर्णय झाला. पुढच्या शंभर वर्षांचे काम त्यावरच उभे राहिले.

केंद्राचे पहिले प्रमुख चार्ल्स आल्फ्रेड बार्बर हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी प्रथम देशी उसाची ओळख पटवण्याचे काम हाती घेतले. उत्तर भारतात गावोगाव वेगवेगळ्या नावांनी ओळखले जाणारे ऊस गोळा करून त्यांनी त्यांची मुंगो, सरेथा, सुन्नाबिले, पनसाही आणि नारगोरी अशा गटांत वर्गवारी केली. पुढे उत्तरेतल्या या बारीक उसाच्या जातीला बार्बर यांच्या नावावरून ‘सॅकरम बार्बेरी’ हे शास्त्रीय नाव मिळाले. या कामात त्यांचे साहाय्यक होते मद्रास शेतीखात्यातले एक तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ, टी. एस. व्यंकटरामन.

व्यंकटरामन आणि को २०५

व्यंकटरामन यांचा जन्म १८८४ सालचा. केंद्राच्या पहिल्या दिवसापासून ते तिथे होते. बार्बर यांच्यानंतर केंद्राची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९४२ पर्यंत त्यांनी ती वाहिली. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे एका माणसाने एकाच पिकाचा ध्यास घेतला.

त्यांच्या कामाचा पाया ज्या संकराने घातला, त्यात एक आई होती आणि एक बाप. आई म्हणजे ‘वेल्लै’ हा दक्षिणेतला जाड, गोड ऊस. बाप म्हणजे ‘सॅकरम स्पॉन्टेनियम’, ओढ्याकाठी आणि बांधावर आपोआप माजणारे काश गवत. शेतकरी हे गवत खणून फेकून देतो. त्याच्या बोरूएवढ्या काडीत साखर जवळजवळ नाहीच, पण दुष्काळ, पाणथळ, थंडी, रोग या सगळ्यांत ते तग धरते. जावामध्ये डच शास्त्रज्ञही रानगवताचे रक्त उसात आणण्याच्या खटपटीत होते. कोइमतूरच्या संकरातून निवडलेले रोप ‘को २०५’ या नावाने १९१८ साली पंजाबसाठी दिले गेले. रानगवताशी थेट संकर करून व्यापारी लागवडीसाठी प्रसारित झालेल्या उसांमध्ये त्याचे नाव पहिल्या क्रमांकाने घेतले जाते. पंजाबातल्या ‘कठा’ या स्थानिक उसापेक्षा त्याने सुमारे दीडपट उत्पन्न दिले.

हा केवळ एका वाणाचा विजय नव्हता. ज्याला आपण तण म्हणतो त्याच्या पोटात पिकाचा कस दडलेला असतो, हे को २०५ने भारतीय शेतीला दाखवून दिले. त्यानंतर बिहार आणि संयुक्त प्रांतासाठी को २१०, को २१३, पुढे को २८१, को २९०, को ३१२, को ३१३ असे वाण एकामागून एक आले. गोड ऊस, उत्तरेतला देशी ऊस आणि रानगवत या तिघांचे गुण एकत्र आणणारे संकर, ही व्यंकटरामन यांच्या शाळेची ओळख ठरली.

पहाटेचे काम

ऊस पैदास म्हणजे प्रत्यक्षात काय, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. उसाचा तुरा दिसतो पिसासारखा, पण त्यात हजारो बारीक फुले असतात. प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही. इतक्या बारीक फुलातले पुंकेसर एकेक करून काढणे अशक्यच. म्हणून पैदासकार आधी परागकोश तपासतो. ज्या उसाचे पराग वांझ किंवा फार थोडे, तो मादी म्हणून निवडायचा. ज्याचे पराग भरपूर आणि सजीव, तो नर. परागकोश भल्या पहाटे फुटतात, त्यामुळे हे काम उजाडण्याच्या सुमारास होते. नर तुरा मादी तुऱ्याच्या वर धरून हलवायचा, पराग खाली झडू द्यायचे आणि बाहेरचे पराग येऊ नयेत म्हणून तुरे झाकून ठेवायचे.

एक अडचण होती. नर आणि मादी एकाच ठिकाणी उभे असतीलच असे नाही, आणि ऊस तोडून आणला की तुरा सुकतो. त्यावर व्यंकटरामन आणि त्यांचे सहकारी थॉमस यांनी साधी पण दूरदर्शी युक्ती काढली. तुरा येण्याआधीच उसाच्या खालच्या कांड्यांभोवती माती बांधायची. पेऱ्यांतून मुळे फुटली की त्याखाली ऊस तोडायचा. मुळांसकट उचललेला हा ऊस हव्या त्या जागी नेऊन संकरासाठी उभा करता येतो आणि बी पक्व होईपर्यंत जगतो. उसाच्या मुळांचा त्यांनी स्वतंत्र अभ्यास केला होता. ही युक्ती त्याच अभ्यासातून सुचलेली होती.

पक्व तुऱ्यातून मिळते ते केसाळ, कापसासारखे बी. जेमतेम मिलिमीटरभर आकाराचे आणि फार काळ न टिकणारे. ते कुंड्यांत पेरून रोपे तयार करायची, शेतात लावायची आणि मग सुरू होते निवड. एकाच तुऱ्यातून निघालेली दोन रोपे सारखी नसतात. कुणाला फुटवे चांगले, कुणाची जाडी चांगली, कुणाचा रस गोड, तर कुणी रोगाला बळी पडणारे. हजारो रोपांतून शेकडो, शेकडोंतून दहा-वीस आणि त्यातून शेवटी एखादा वाण हाती लागतो. मग तो राज्याराज्यांच्या केंद्रांवर वर्षानुवर्षे तपासला जातो. बीपासून शिफारशीपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. म्हणूनच हे काम व्यापाऱ्याच्या घाईने होत नाही, त्याला सार्वजनिक संस्थाच लागते.

वाणांची जगभर वाट

१९३२ साली साखर उद्योगाला आयात शुल्काचे संरक्षण मिळाले आणि देशात कारखान्यांची रीघ लागली. त्याआधी देशात जेमतेम तीस-बत्तीस कारखाने होते. पाच-सहा वर्षांत ही संख्या १३०च्या वर गेली. संरक्षणाचे श्रेय कायद्याला, पण इतक्या कारखान्यांना पुरेल एवढा ऊस शेतात उभा राहू शकला तो कोइमतूरच्या वाणांमुळे. काही वर्षांपूर्वी जावाच्या साखरेवर विसंबून असलेला देश आपल्या गरजेपुरती साखर करू लागला.

को २८१ आणि को २९० हे वाण अमेरिकेत लुइझियानापर्यंत पोहोचले. कोइमतूरमध्ये को ४२१ आणि को ३१२ यांच्या संकरातून तयार झालेले बी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला पाठवले गेले. तिथे त्यातून ‘एनको ३१०’ निवडला गेला. नाताळचा ‘एन’ आणि कोइमतूरचा ‘को’ अशी जोडनावाची ही जात पुढे तैवानसह अनेक देशांत पसरली.

व्यंकटरामन यांची जिज्ञासा उसाच्या चौकटीत मावणारी नव्हती. त्यांनी उसाचा ज्वारीशी संकर केला, तोही लवकर तयार होणारा ऊस मिळावा म्हणून. उसाचा बांबूशी संकर करण्याचाही प्रयोग केला. गवतकुळातली नाती किती दूरवर जुळू शकतात, हे या प्रयोगांतून समजले. १९३७ साली हैदराबादला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. अध्यक्षीय भाषणासाठी त्यांनी विषय निवडला भारतीय खेड्याचा. उसाच्या गुणसूत्रांवर काम करणाऱ्या या माणसाचे लक्ष शेवटी खेड्यातल्या शेतकऱ्यावरच होते, हे या निवडीतून दिसते. ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला, तर स्वतंत्र भारताने १९५६ साली पद्मभूषण देऊन गौरवले. १९६३ साली त्यांचे निधन झाले.

जानकी अम्माल यांचे दिवस

याच काळात, १९३४ ते १९३९ दरम्यान, केंद्रात एक असामान्य शास्त्रज्ञ काम करत होत्या. तलश्शेरीत जन्मलेल्या ई. के. जानकी अम्माल यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली होती. गुणसूत्रांचा अभ्यास हे त्यांचे क्षेत्र. गोड उसात गुणसूत्रे ८०, पण काश गवतात ती ४० पासून १२८ पर्यंत कितीही आढळतात. संकरात कोणाची किती उतरतात, यावर वाणाचे भवितव्य ठरते. जानकी अम्माल यांनी काशाच्या वेगवेगळ्या प्रकारांची गुणसूत्रे तपासली, उसाचा मक्याशी आणि इतर गवतांशी संकर घडवून त्यांचा अभ्यास केला. पुढे त्या इंग्लंडला गेल्या. तिथे सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी पिकांच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ साली प्रसिद्ध केला. स्वातंत्र्यानंतर त्यांनी परत येऊन भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेचे काम पाहिले. पैदासकार डोळ्यांनी जे निवडतो, त्यामागचे गणित त्यांच्यासारख्यांच्या कामामुळे उलगडले.

दख्खनच्या कालव्यांवर

महाराष्ट्रात नीरा, मुठा, प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांवर ऊस होता तो मुख्यतः ‘पुंड्या’. जाड, मऊ, रसाळ, गुळाला उत्तम, पण खताला आणि पाण्याला हावरा. पुढे जावाचे ईके २८ आणि पीओजे २८७८ आले. त्यांच्यानंतर कोइमतूरच्या को ४१९ने दख्खन काबीज केले. पीओजे २८७८ ही त्याची आई आणि को २९० हा बाप, म्हणजे जावाची आणि कोइमतूरची अशा दोन्ही परंपरा त्यात एकत्र आल्या होत्या. आडसाली लागणीत त्याने दिलेले वजन पाहून शेतकऱ्यांनी तो डोक्यावर घेतला.

कोइमतूरहून आलेले वाण इथल्या मातीत, इथल्या पाण्यावर तपासण्यासाठी १९३२ साली फलटण तालुक्यात नीरा कालव्यावर पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. तेव्हापासून कोइमतूर आणि पाडेगाव यांची जोडी जमली ती आजतागायत. १९५०च्या आसपास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि सहकाराचे लोण राज्यभर पसरले. त्या विस्ताराच्या काळात मळ्यामळ्यांत होता को ७४०. पुढची दोन-तीन दशके महाराष्ट्राच्या गाळपाचा मोठा वाटा या एका वाणाने उचलला. काणी रोगाने मात्र त्याला घेरले. उसाच्या शेंड्यातून काळ्या बुकटीचा चाबूक बाहेर पडलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या रोगाची धास्ती वेगळी सांगायला नको.

त्यानंतर आला को ८६०३२. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांचा हा संकर. नावातले पहिले दोन अंक १९८६ हे साल सांगतात. महाराष्ट्रात तो ‘निरा’ या नावानेही ओळखला जातो. पाडेगावच्या निवडीतून कोएम ०२६५ म्हणजे ‘फुले २६५’ आला आणि क्षारपड जमिनीच्या शेतकऱ्याला दिलासा मिळाला. कोएममधला ‘एम’ महाराष्ट्राचा. इथे निवडलेल्या वाणावर दोन्ही संस्थांची मोहोर अशा रीतीने एकत्र उमटते. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेने कोकणच्या वेशीवर आंबोलीला स्वतःचे संकर केंद्र उभारले, कारण तिथल्या हवेत उसाला तुरा येतो. व्यंकटरामन यांचा वारसा असा सह्याद्रीपर्यंत पोहोचला आहे.

संस्थेचा विस्तार

उत्तरेतल्या हवामानात रोपांची पारख व्हावी म्हणून १९३२ साली हरियाणातल्या कर्नालला उपकेंद्र निघाले. १९६१ साली केरळात कण्णूरला उसाच्या जननद्रव्याचा संग्रह सुरू झाला. समुद्राजवळची, व्यापारी ऊसशेतीपासून दूर असलेली ही जागा रोगमुक्त संग्रहासाठी योग्य ठरली. न्यू गिनीपासून भारताच्या नदीकाठांपर्यंतचे ऊस आणि रानगवते इथे जिवंत ठेवली जातात. असा दुसरा जागतिक संग्रह अमेरिकेत मियामीला आहे. १९६९ साली संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली. दरवर्षी तुऱ्याच्या हंगामात देशभरातले पैदासकार कोइमतूरच्या संकर उद्यानात येतात, आपल्या राज्याला हवे ते संकर करून घेतात आणि ते बी घेऊन परततात. राज्याराज्यांत पाण्यावरून, भावावरून कितीही वाद होवोत, हे उद्यान सर्वांना खुले राहिले आहे.

उद्याचे काम

या इतिहासात एक धडा दोनदा गिरवला गेला. १९३९च्या सुमारास बिहार आणि पूर्व संयुक्त प्रांतात लाल कुजेची साथ आली आणि ज्या को २१३वर सर्वांनी भिस्त ठेवली होती, तो वाण तिने उद्ध्वस्त केला. सत्तर वर्षांनी कर्नाल केंद्राचा को ०२३८ आला. या वाणाने उत्तर प्रदेशाचा उतारा आणि उत्पन्न दोन्ही उंचावले आणि तिथले तीन-चतुर्थांशाहून अधिक क्षेत्र व्यापले. मग त्यालाही लाल कुजेने गाठले. ऊस उभा चिरला की आतला गर लाल, मध्ये आडवे पांढरे पट्टे आणि आंबूस वास. हे लक्षण दिसले तेव्हा पर्यायी बेणे पुरेसे तयार नव्हते.

वाण कितीही गुणी असला तरी त्याला आयुष्य असते. बुरशी बदलते, हवामान बदलते, जमीन बदलते. म्हणून एका वाणावर सगळा शिवार सोपवणे धोक्याचे असते. प्रत्येक कारखान्याने आपल्या कार्यक्षेत्रात दोन-तीन वाण ठेवावेत, त्रिस्तरीय बेणेमळे चालवावेत, जुन्या खोडव्यातले बेणे वापरू नये, आणि पाडेगाव-मांजरीच्या चाचण्यांना आपल्या शेतात जागा द्यावी. कोइमतूरच्या ऋणाची फेड भाषणांतून होणार नाही, ती अशाच कामांतून होईल.

आज संकरात असलेले रोप शेतात यायला आणखी दहा-बारा वर्षे लागतील. व्यंकटरामन यांनी तीस वर्षे हेच गणित पाळले: आजचा हंगाम शेतकऱ्याचा, पण आजचा संकर पुढच्या पिढीचा. त्यांच्यासारखी माणसे आणि त्यांच्यासारख्यांना सलग तीस वर्षे काम करू देणाऱ्या सार्वजनिक संस्था टिकल्या, तरच आपली साखर कारखानदारी टिकेल. त्यासाठी लागणारा निधी, मनुष्यबळ आणि धीर देण्याची जबाबदारी शासनाची आहे, तशीच उसावर संसार उभा केलेल्या आपल्या सर्वांची आहे.